ऑरगॅनिक चिकन-मटण: पाकिटावर हिरवं पान, आत काय?

पिंपळपान (शनिवार, रात्री १०.४२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा चिकन आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मटण असतं. लेक अडीच वर्षांची झाली, नळी चोखायला शिकली, आणि मला एकदम "हे बोकड काय खात होतं" असले प्रश्न पडायला लागले. गेल्या महिन्यात एका ॲपवरून "ऑरगॅनिक चिकन" मागवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात सोललेली २६० रुपये किलो, ही ६४०. पाकीट देखणं. कोपऱ्यात हिरवं पान, खाली हिरव्यागार कुरणात लाल कोंबडी. शिजवली तर तीच नेहमीची! वीस मिनिटांत मांस हाडापासून सुटलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "पान छान काढलंय हो पाकिटावर."

ग्राहक सेवेला फोन लावला. "मॅडम, आमच्या कोंबड्यांना हर्बल फीड असतं, हॉर्मोन अजिबात देत नाही." प्रमाणपत्र मागितलं तर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, परवान्याचा फोटो आला.

तर प्रश्न असा, की खरोखर प्रमाणित ऑरगॅनिक मांस आपल्याकडे मिळतं का, आणि ते ओळखायचं कसं? की सरळ गावरान घ्यावं, म्हणजे तेच ना?

"मांसाहारच सोडा" हा सल्ला कृपया नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे मी वाद घालून दमले आहे.

उन्हाळी_वाळवण (शनिवार, रात्री १०.५५)

रुमाल टाकून ठेवते. सासूबाईंना +१.

खवट_खोबरं (शनिवार, रात्री ११.१०)

६४० रुपये पानाचे, कोंबडी वर फुकट. (दिवे घ्या.)

डॉ_खूर (रविवार, सकाळी ७.२०)

पिंपळपान, सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. इथे दोन-तीन गोष्टींचा गुंता झालाय, तो आधी सोडवतो.

तुम्हाला पाठवला तो अन्नपदार्थांचा धंदा करायचा परवाना. तो चौदा आकडी नंबर फरसाणाच्या पाकिटावरही असतो. ऑरगॅनिकशी त्याचा काडीचा संबंध नाही.

हॉर्मोनचं तर विचारूच नका. निम्मा महाराष्ट्र मला लग्नाच्या पंगतीत हेच विचारतो. वाढीचं हॉर्मोन हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. टोचायचं म्हटलं तर हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा कोण टोचत बसणार? कोंबडी झपाट्याने वाढते ती निवड-पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जपून ठेवलेली १९५७ आणि १९७८ ची वाणं आणि २००५ चं ब्रॉयलर वाण एकाच खाद्यावर वाढवलं. ५६ दिवसांनी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, कोंबडीच बदलली! तेव्हा "हॉर्मोन-मुक्त" असं लिहिणारा दुकानदार "आमच्या भेंडीत हाडं नाहीत" असं सांगतोय.

दुसरं म्हणजे वीस मिनिटांत शिजली म्हणून ती ऑरगॅनिक नव्हती, असं ठरत नाही. मऊपणा वयाचा आणि जातीचा असतो. आपण ब्रॉयलर खातो ते पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू. सासूबाईंच्या लहानपणीचा कोंबडा वर्षभर उकिरडे उकरून मग पातेल्यात यायचा. त्याला दोन तास लागणारच.

काळजी करायचीच तर ती प्रतिजैविकांची करा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश होते. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध पोल्ट्रीच्या खाद्यात वाढीसाठी जात होतं. केंद्राने जुलै २०१९ मध्ये ते खाण्याच्या जनावरांसाठी बंद केलं. आजारी कोंबडीला औषध द्यायला कुणाचीच ना नाही. धडधाकट कोंबडीला, वजन वाढावं म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं, भांडण त्याच्याशी आहे.

तूसवाला (रविवार, सकाळी ९.०५)

डॉक्टरसाहेब, त्या पाच-सहा आठवड्यांचा माणूस मी. सिन्नर भागात सहा हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावर. कंपनी पिल्लू देते, खाद्य देते, औषध देते. शेड, वीज, तूस, पाणी आणि झोपमोड माझी.

पिल्लं पहाटे येतात, खोक्यात शंभर-शंभर. आदल्या रात्री तूस पसरायचं, त्यावर वर्तमानपत्रं अंथरायची, ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची शेगडी, लावून शेड तापवून ठेवायचं. पिल्लं सोडली की उकिडवं बसून नुसतं बघायचं. सगळी ब्रूडरखाली गोळा झाली तर त्यांना गारठा लागतोय. कडेला पळाली तर जास्त तापलंय. चांदण्यासारखी सगळीकडे विखुरली, की आपण चहाला मोकळे. मग दोन-चार हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपायची, म्हणजे दाणापाणी उतरलं का ते कळतं. पहिले चार दिवस मी शेडातच खाट टाकतो.

पिंजरे बघून लोक हळहळतात, ते अंड्यांच्या कोंबड्यांचे असतात. ब्रॉयलर जमिनीवरच. पण पक्ष्यामागे जागा साधारण एक चौरस फूट. पहिल्या आठवड्यात मैदान वाटतं, शेवटच्या आठवड्यात खालचं तूस दिसत नाही.

आणि औषधाचं खरं सांगायचं तर, काही औषधं दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो. बाटलीवर लिहिलेलं असतं. पण भाव चढला की गाडी दोन दिवस आधीच दारात. पक्षी कुणाचा? कंपनीचा. मी काय गाडीपुढे आडवा पडू?

पिंपळपान (रविवार, सकाळी ९.४०)

तूसवाला, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल खरंच आभार. म्हणजे ब्रॉयलर सोडून गावरान घेतली तर सगळे प्रश्न सुटतात ना?

डॉ_खूर (रविवार, सकाळी १०.१५)

सुटत नाहीत, बदलतात. एक तर शहरात गावरान म्हणून मिळते त्यातली बरीच खरी गावठी नसतेच. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा असेल, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा असेल. रंगीत पिसं, लांब पाय, दिसायला थेट गावठी. वाईट मुळीच नाहीत, परसात उत्तम वाढतात. पण त्याच शेडात, त्याच गोणीतल्या खाद्यावरही वाढवता येतात.

कडकनाथचं तेच. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढच्याच वर्षी सांगली भागातल्या कडकनाथ गुंतवणूक घोटाळ्याने किती शेतकरी बुडाले ते आठवत असेल. कोंबडी काळी आहे एवढं तिच्याकडे बघून कळतं. ती काय खाऊन मोठी झाली, ते नाही कळत.

माळरान (रविवार, दुपारी १.३०)

राम राम. मी परांडा तालुक्यातला. कोंबडीचं डॉक्टरांनी सांगितलं, मी शेळीचं सांगतो.

उस्मानाबादी शेळ्या, लहानमोठ्या धरून बेचाळीस. काळीभोर जात, जुळी देणारी, आमच्या भागात हिच्याशिवाय दुसरी कोण बघत नाही. दिवसा माळावर, सांजच्याला वाड्यात. तुम्ही बघायला आलात तर म्हणाल, ह्याच्याहून ऑरगॅनिक काय असतंय. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षांमागं आमच्या गटाचं प्रमाणपत्र काढायचं चाललं होतं, तवा एक तपासणीस बाई आल्या. त्यांनी शेळीकडं बघितलंच नाही. पहिला प्रश्न, पेंड कुठली देता?

गाभण शेळीला मी सरकीची पेंड देतो, बापापासून देतो. म्हटल्या, सरकी कुठली? आता सरकी कुठली म्हणजे काय, कापसाची! तर म्हणे कापूस बीटी, आणि जनुक बदललेल्या बियाण्याचं खाद्य चालत नाही. देशातला बहुतेक कापूस बीटीच झालाय. बिगर-बीटी सरकी शोधायला गेलो तर शेळीपेक्षा पेंड महाग.

दुसरा प्रश्न, चरते कुठं? गायरानात आणि बांधाला. बांध कुणाचा? शेजाऱ्याचा, आणि तो पावसाळ्यात तणनाशक मारतो. तिसरा, औषध. पीपीआरची, म्हंजे शेळ्यांच्या प्लेगची लस, आंत्रविषाराची लस चालते म्हटल्या. मला वाटायचं ऑरगॅनिकमध्ये सुईच बंद असेल, तसं नाही. पण जंताचं औषध मी वर्षातनं दोनदा सरसकट सगळ्या कळपाला पाजायचो, त्याला नको म्हटल्या. लेंडी तपासा, जिला गरज तिलाच द्या. हे मात्र पटलं. आता लेंड्या पुडीत बांधून तपासायला नेतो, औषधाचा खर्च निम्म्यावर आलाय. प्रमाणपत्र नाही मिळालं पण हे घावलं.

आणि शेवटचं ऐकून तर हसूच आलं. समजा सगळं जमलं. बोकड कापणार कुठं? कत्तलखाना प्रमाणित पाहिजे, दुकान प्रमाणित पाहिजे, नाहीतर साखळी तुटली. म्हणजे जित्ता असेपर्यंत बोकड ऑरगॅनिक, आणि खाटकाच्या ओंडक्यावर आला की साधा.

उन्हाळी_वाळवण (रविवार, दुपारी १.५०)

माळरानदादा, शेवटचं वाक्य वाचून मी जेवता जेवता ठसकले.

कागदवाली (रविवार, दुपारी ४.१०)

माळरान, त्या तपासणीस बाईंच्याच जातकुळीतली मी. मसाल्यांच्या निर्यातीत प्रमाणनाची कागदपत्रं सांभाळते, म्हणून हा आयडी. त्या बाईंचं वागणं बरोबर होतं. शेळीकडे बघून काहीच कळत नाही, पेंडीच्या पावतीवरून कळतं.

पिंपळपान, आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनची, वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा या शेतमाल निर्यातीच्या संस्थेकडे. त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस, कृषी खात्याची, तिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांचं शेत तपासतात. त्यांचं "पीजीएस-ग्रीन" दिसलं तर समजायचं की अजून बदलाच्या काळात आहेत. दोहोंपैकी काहीही असलं तरी दुकानातल्या पाकिटावर एफएसएसएआयचं "जैविक भारत" हे चिन्ह लागतं. २०१७ चे नियम आहेत तसे. लहान शेतकरी स्वतःच्या हाताने थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र त्याने ते चिन्ह वापरायचं नाही. नुसतं हिरवं पान तर कुणीही काढतं. आमच्या सोसायटीच्या कचरापेटीवरही आहे.

आता एक गंमत, जी मी रोज बघते. समजा विक्रेत्याने खरंखुरं प्रमाणपत्र पाठवलं. त्याच्या मागच्या पानावर यादी असते, नेमकं काय प्रमाणित आहे त्याची. हळद, तूर, आंबा असं. ती यादी वाचायची! शेत प्रमाणित आहे म्हणून त्या शेतातली कोंबडी प्रमाणित होत नाही. जनावरांचं वेगळं तपासावं लागतं, आणि पिकांच्या मानाने आपल्याकडे ते फार थोड्यांनी केलेलं आहे. लोक पहिल्या पानावरचा शिक्का बघून खूश होतात. पुढे मुदत बघा, आणि प्रमाणपत्रावरचं नाव आणि पाकिटावरचं नाव एकच आहे का तेही.

खवट_खोबरं (रविवार, दुपारी ४.३०)

कागद काय, विकत मिळतो. त्यापेक्षा स्वतः जाऊन डोळ्यांनी बघावं.

कागदवाली (रविवार, दुपारी ४.५५)

लबाडी होते, नाकारत नाही. प्रमाणन संस्थांवर कारवाया झालेल्या आहेत. पण डोळ्यांनी बघून तुम्हाला काय दिसणार? माळरानांचा माळ सगळ्यांनाच आवडला असता. सरकी बीटी आहे हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं असतं?

डॉ_खूर (रविवार, संध्याकाळी ६.००)

आणि औषधही दिसत नाही. कालपर्यंत औषध चाललेली कोंबडी आज अंगणात टणाटण उड्या मारते.

म्युनिककर (रविवार, रात्री ११.३०)

आमच्याकडे दुखणं उलटं आहे. इथे प्रमाणपत्रांचाच बाजार भरलाय, कुठलं घ्यावं कळत नाही. युरोपीय संघाचं पानाच्या आकाराचं चिन्ह, ताऱ्यांनी काढलेलं, हा किमान दर्जा. त्याच्या वर बायोलांड, नाटुरलांड, डेमेटर या संघटनांचे नियम आणखी कडक. डेमेटरवाले गायीची शिंगं जाळू देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गोठ्यात गेलं की गाय आपल्याकडच्या बैलपोळ्याच्या चित्रातल्यासारखी दिसते.

चिन्हाखाली काय येतं ते थोडक्यात सांगतो. खाद्य ऑरगॅनिक. मांसाच्या कोंबडीला बाहेर प्रत्येकी चार चौरस मीटर मोकळी जागा, आत चौरस मीटरला २१ किलोहून जास्त पक्षी नकोत, एका खुराड्यात जास्तीत जास्त ४,८००. हळू वाढणारी जात नसेल तर किमान ८१ दिवस जगलीच पाहिजे. नेहमीच्या पद्धतीत ११० किलोच्या डुकराला पाऊण चौरस मीटर जागा, बायोमध्ये (इथे ऑरगॅनिकला बायो म्हणतात) आत १.३ आणि बाहेर आणखी १. प्रतिजैविक पूर्ण बंद नाही. आजारी जनावराला द्यायचंच, पण नंतर थांबायचा काळ दुप्पट. वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा औषधोपचार करावे लागले तर त्या जनावराचं बायोपण गेलं. आयुष्यच वर्षाच्या आत संपणारं असेल, म्हणजे कोंबडीसारखं, तर एकापेक्षा जास्त वेळा नाही.

आता पिंपळपानच्या पाकिटावरच्या कुरणाबद्दल. गेल्या ईस्टरला मुलाला घेऊन गावाबाहेरच्या एका बायो फार्मवर गेलो होतो. मोठंच्या मोठं कुरण, लुसलुशीत गवत, आणि त्यावर एकही कोंबडी नाही! सगळ्या खुराड्याच्या भिंतीला चिकटून. मला वाटलं आपली फसवणूक झाली. मालकीणबाई म्हणाल्या, वर बघ. ससाणा घिरट्या घालत होता. कोंबडी मूळची रानातली, तिला डोक्यावर काहीतरी लागतं. पुढच्या वाडग्यात त्यांनी विलोची झुडपं लावली होती, तिथे मात्र झाडून सगळ्या पालापाचोळा उकरत होत्या. पोरगं तासभर तिथून हललं नाही. तेव्हापासून पाकिटावर उघड्या गवतात एकटी उभी असलेली कोंबडी पाहिली, की मला ती घाबरलेली दिसते.

भाव? साध्या कोंबडीच्या तिप्पट तरी. आम्ही आता महिन्यातून दोनदाच आणतो, उरलेले दिवस उसळी.

न्यूजर्सीची_मावशी (सोमवार, सकाळी ६.१५)

इथल्यांसाठी लिहिते, कारण इथली लेबलं म्हणजे निव्वळ वकिली. "नॅचरल" म्हणजे कृत्रिम काही घातलेलं नाही आणि फारशी प्रक्रिया केलेली नाही, एवढंच. जनावर कसं वाढलं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. चिकनच्या पाकिटावर "केज-फ्री" लिहितात, पण मांसाची कोंबडी इथेही पिंजऱ्यात नसतेच. "हॉर्मोन दिलेलं नाही" असं लिहिलं की खाली "कोंबडीला हॉर्मोन देण्यास सरकारी बंदीच आहे" हेही छापावं लागतं, ते बारीक अक्षरांत. डॉक्टरांची भेंडी आठवली.

यूएसडीएचा, म्हणजे इथल्या कृषी खात्याचा, ऑरगॅनिक शिक्का खरा आहे. खाद्य ऑरगॅनिक लागतं, आणि प्रतिजैविक दिलं की ते जनावर कायमचं ऑरगॅनिकमधून बाद, युरोपासारखी सवलत नाही. म्हणून आजारी गाईला औषध द्यायला शेतकरी टाळाटाळ करेल, अशी भीती. तसं टाळायचं नाही असाही नियम आहे. पण कोंबडीचा हिशोब आयुष्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. अंड्यात असताना किंवा पहिल्या दिवशी टोचलेलं चालतं! हे कळलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

ऑरगॅनिक म्हणजे नुसतं गवतावर वाढलेलं असंही नाही. गाईगुरांना चराईच्या मोसमात किमान १२० दिवस कुरण लागतं, शेवटी धान्य घालून पुष्ट केलं तरी चालतं, धान्य ऑरगॅनिक असलं म्हणजे झालं. गवतावरचंच हवं असेल तर तेही शब्द वेगळे शोधायचे.

शीरखुर्मा (सोमवार, सकाळी ११.००)

चांगली चर्चा. एक शंका. आमच्या घरी हलालच लागतं. म्युनिककर, तिकडे बायो आणि हलाल दोन्ही असलेलं मिळतं का? भाऊ नोकरीसाठी श्टुटगार्टला चाललाय.

म्युनिककर (सोमवार, दुपारी २.२०)

तिथे पेच आहे. जनावर आधी बेशुद्ध न करता कापलेलं असेल तर त्या मांसावर युरोपीय ऑरगॅनिक चिन्ह लावता येत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ ला दिला. काही हलाल प्रमाणन संस्था बेशुद्ध करून कापलेलं मान्य करतात. ते तुमच्या घरी चालत असेल तर शोधायला जागा आहे. भावाला म्हणावं, तुर्की दुकानात आधी चौकशी कर.

व्यवस्थापक (सोमवार, संध्याकाळी ७.४५)

यानंतरचे हलाल-झटका, गोवंश आणि "आमच्या सणांना बोलता का" या विषयांवरचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. शीरखुर्मा यांनी साधा प्रश्न विचारला होता, त्याला साधं उत्तर मिळालं आहे. धागा मांसाबद्दल आहे, एकमेकांचं मांस काढू नये.

उन्हाळी_वाळवण (सोमवार, रात्री ८.००)

व्यवस्थापकांना कोटी सुचली म्हणजे आज काम कमी असणार.

तूसवाला (सोमवार, रात्री ९.३०)

भावाचं एक सांगू का? लोक विचारतात, ऑरगॅनिक एवढं महाग कसं, लुटतात. माझ्या शेडात वर्षाला साधारण सहा बॅचेस निघतात. कोंबडी ८१ दिवस ठेवायची म्हटली तर तीन, फार तर चार. पक्षी विरळ ठेवायचे म्हणजे त्याच शेडात निम्मेच. हळू वाढणारी जात खाते जास्त, भरते कमी, आणि खातेय तो मका नि सोया ऑरगॅनिक. वर मर झाली तर माझी, कंपनी नाही मागे. ६४० हा आकडा मला जास्त नाही वाटत. कमी वाटतो. म्हणून त्या पाकिटाबद्दल शंका येते.

खवट_खोबरं (सोमवार, रात्री ९.४५)

स्वस्त आहे म्हणून संशय! हे पहिल्यांदाच ऐकलं. पण पटलं, काय करणार.

पिंपळपान (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१५)

मंडळी, धागा वर काढतेय.

आधी त्या ॲपवाल्यांकडे कागदवालीताईंनी सांगितलं तसं प्रमाणपत्र पुन्हा मागितलं. तीन मेल झाल्यावर आलं. खरं होतं, मुदतीत होतं. मागच्या पानावर यादी: नाचणी, भुईमूग, हळद. मी त्यांना विचारलं, यातली कोंबडी कुठली? पैसे परत आले, उत्तर नाही आलं.

मग ओळखीतून भोरच्या पुढे एकांकडे गेलो. दीडएकशे पक्षी, खरे गावठी आणि वनराजा मिसळून. प्रमाणपत्र नाही, आणि ते ऑरगॅनिक म्हणतही नाहीत. पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मका बाजारातला आहे, त्याच्यावर काय मारलं मला माहीत नाही." मी म्हटलं, औषध? तर आत जाऊन वही घेऊन आले. तारखा, मानमोडीच्या लशीच्या नोंदी, मेलेल्यांचा हिशोब. एका पानावर "३ पक्षी, नाक गळतं, वेगळे ठेवले, औषध ५ दिवस" आणि खाली लाल पेनाने तारीख घालून "ह्याच्या आधी विकायचे नाहीत". त्या तीन कोंबड्या बाजूच्या खुराड्यात होत्या, पायात लाल दोरा बांधलेला. लेकीला त्याच हव्या होत्या, दोऱ्यामुळे.

सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी वही पाहिली नाही. डालग्यातून एक कोंबडी उचलली, उलटी धरली, छातीच्या हाडाचं टोक अंगठ्याने दाबून बघितलं आणि परत ठेवली. "ही म्हातारी आहे, टोक दगड झालंय. नरम टोकाची द्या." त्या माणसाने माझ्याशी बोलणं थांबवलं आणि पुढचा सगळा व्यवहार त्यांच्याशीच केला. दोन तलंगा घेतल्या, सोलून साडेपाचशे रुपये किलो.

कुकरला सात शिट्ट्या, वर मंद आचेवर पंधरा मिनिटं. रश्शावर पिवळी तर्री आली. लेकीने मांस चावलंच नाही, वातड लागलं तिला. रस्सा मात्र दोन वाट्या प्यायली. मुलीसाठी ब्रॉयलर आणायचं की हे, हा घोळ अजून तसाच आहे.

डॉ_खूर (रविवार, रात्री १०.००)

तिला कलेजी द्या, चावायला सोपी. आणि छातीच्या हाडाची पद्धत आम्ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकलो. सासूबाईंना पुन्हा नमस्कार.

कागदवाली (रविवार, रात्री १०.२०)

मका बाजारातला आहे हे न विचारता सांगणारा माणूस! आमच्याकडे तपासणीत असं वाक्य वर्षातून एकदा ऐकायला मिळतं.

माळरान (सोमवार, सकाळी ६.५०)

ताई, त्या भोरच्या माणसाच्या वहीच्या एका पानाचा फोटो मिळंल का? नाव-गाव झाकून. कसले कसले रकाने पाडलेत ते बघायचंय. माझं सगळं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं आणि डिसेंबर संपला की बायको ते कॅलेंडर डब्यात कागद म्हणून घालते.

पिंपळपान (सोमवार, सकाळी ८.१०)

विचारून पाठवते, दादा. साधी दोनशेपानी वही आहे, मुलाची शाळेची. पहिली दहा पानं पाढ्यांची आहेत.